दाढेतलं पांढरं सिमेंट उकरून काढायचं का?

घाटंजी तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी लिहिलंय, म्हणून छापत नाही. त्या लिहितात: "मॅडम, माह्या पोरीच्या दाढेत डॉक्टरनं पांढरं सिमेंट भरलं. आता मोबाईलवर आलं का ते प्लास्टिक हाय, त्याचं जहर थुकीतून पोटात जाते अन् पोरीले लवकर पाळी येते. सासू म्हणते, ते काढ अन् चांदी भर. मले रात्री झोप नाही लागून राहिली." मुलगी नऊ वर्षांची आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिच्या दोन दाढा भरल्या, त्यातल्या एकीच्या कडेला आता काळी रेघ दिसते. तिच्या बाबांच्या दाढेतही त्याच दवाखान्यात असंच सिमेंट भरलं होतं, ते सहा महिन्यांत निघून पडलं. बाबा खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, खातात. गावात बोअरचं पाणी आहे, त्यात फ्लोराइड आहे, आणि पोरांच्या दातांवर डाग आहेत.

ताई, झोपेचं आधी बघू. पोरीची भरलेली दाढ दुखत नसेल, तिच्यात अन्न अडकत नसेल, कड तुटलेली नसेल, तर सिमेंट काढू नका. काढायला बसलं की मशीनखाली सिमेंटासोबत थोडा चांगला दातही जातो. त्या सिमेंटाचा बारीक भुगा पोरीच्या तोंडात उडतो. आणि खड्डा उघडा ठेवता येत नाही, म्हणून त्यात पुन्हा ताजं सिमेंट भरावंच लागतं. ज्याची भीती वाटते तेच पोरीच्या तोंडात दुसऱ्यांदा जातं, आणि दाढ तेवढी अशक्त होते ती वेगळीच.

तुमची भीती अगदीच बिनबुडाची आहे असं मात्र मी म्हणणार नाही. त्या निरोपात एक धागा खरा आहे, त्याच्याभोवती बाकीचं गुंडाळलेलं आहे. तो धागा सोडवून दाखवते.

आपण ज्याला पांढरं सिमेंट म्हणतो, त्याला दवाखान्यात कॉम्पोझिट म्हणतात. स्लॅबच्या मालासारखंच असतं ते, गिट्टी आणि गिट्टीला धरून ठेवणारा चिकट माल. इथली गिट्टी म्हणजे काचेची आणि सिलिकाची, डोळ्याला न दिसणारी भुकटी. वजनाने पाहिलं तर साधारण तीन चतुर्थांश माल ही भुकटीच असते. उरलेला चिकट भाग म्हणजे रेझिन. निरोपातलं 'प्लास्टिक' ते हेच. बिस-जीएमए नावाच्या रेझिनचं पेटंट राफेल बोवेन या अमेरिकी संशोधकाला १९६२ साली मिळालं, आणि आजही पुष्कळशा पांढऱ्या सिमेंटांत तेच किंवा त्याचेच भाऊबंद असतात. म्हणजे हा माल माणसांच्या तोंडात येऊन साठ वर्षं झाली.

ट्यूबमधून निघतं तेव्हा हे रेझिन जिनिंगमधून निघालेल्या रुईसारखं सुटं असतं. त्यावर निळा लाईट पडला की रुईचा धागा होतो, धाग्यात धागा गुंततो आणि कापड तयार होतं. कापडातून रुई उडत नाही. पण हे कापड पूर्ण विणलं जात नाही, हेही खरं. तोंडात भरलेल्या सिमेंटात जेवढे जोड व्हायला हवेत, त्यातले साधारण निम्म्यापासून पाऊण होतात. मग उरलेलं सगळं पोटात जातं का? नाही जात. या रेझिनच्या प्रत्येक कणाला दोन हात असतात. बहुतेकांचा एक तरी हात गुंतलेला असतो, म्हणून ते जागचे हलत नाहीत. दोन्ही हात मोकळे राहिलेले कण थोडे असतात, आणि ते मुख्यतः पहिल्या एक-दोन दिवसांत लाळेत उतरतात. तुमच्या पोरीचे ते दिवस दिवाळीतच होऊन गेले.

आता निरोपातलं 'जहर'. त्याचं नाव बिस्फेनॉल ए. हे रसायन सिमेंटात वेगळं घालत नाहीत, पण बिस-जीएमए तयार करताना कच्चा माल म्हणून ते लागतं, त्यामुळे त्याचा अंश मागे राहू शकतो. काही सिमेंटांत बिस-डीएमए नावाचं दुसरं रेझिन असतं. त्याला लाळ फोडते आणि त्यातूनही थोडं बिस्फेनॉल सुटतं. हे रसायन शरीरात बाईच्या संप्रेरकासारखं वागू शकतं, म्हणून पाळीची भीती निघाली. दाढ भरल्यावर काही तास लाळेत ते वाढलेलं दिसतं, आणि साधारण दिवसभरात पहिल्या पातळीवर येतं. दाढ भरल्यामुळे एखाद्या मुलीची पाळी लवकर आली, असं दाखवणारा पुरावा माझ्या वाचनात नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनचं म्हणणंही हेच आहे की दातांच्या सिमेंटातून मिळणारं बिस्फेनॉल फार कमी असतं आणि त्यापासून ज्ञात असा धोका नाही.

पण दुसरी बाजू लपवली तर उद्या तुमचा माझ्यावरही विश्वास राहणार नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बिस्फेनॉलची रोजची सोसण्याजोगी मात्रा एकदम खाली आणली. आधी शरीराच्या दर किलो वजनामागे ४ मायक्रोग्रॅम होती, ती ०.२ नॅनोग्रॅम केली, म्हणजे वीस हजार पटीने कमी. ही मात्रा आयुष्यभर रोज पोटात जाणाऱ्या रसायनासाठी आहे, एका दिवसाच्या भरणीसाठी नाही. तरी दिशा कळते. आपल्याकडेही बाळाच्या दुधाच्या बाटलीत बिस्फेनॉल चालत नाही. अमेरिकेत ५३४ मुलांचे दोन गट करून एकाला चांदी आणि दुसऱ्याला पांढरं सिमेंट भरलं आणि पाच वर्षं त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. उंची-वजनात फरक दिसला नाही. २०१२ साली त्याच माहितीच्या विश्लेषणात बिस-जीएमएचं सिमेंट जास्त असलेल्या मुलांच्या वागण्याच्या गुणांत लहानसा फरक आढळला. त्यांच्या शरीरातलं बिस्फेनॉल मोजलेलं नव्हतं, त्यामुळे कारण सिमेंटच होतं असं म्हणता येत नाही. निरोप पाठवणारे एवढंच उचलतात आणि पुढचं गाळतात.

यातून मी माझ्यापुरता अर्थ काढला तो असा: जे फुकटात कमी करता येतं, ते करायचंच. भरलेल्या सिमेंटाच्या अगदी वरच्या थराला हवा लागते. हवेतला ऑक्सिजन तिथे जोड होऊ देत नाही, आणि एक पातळ चिकट पापुद्रा राहतो. सुटे कण सगळ्यात जास्त तिथेच असतात. डॉक्टरांनी तो घासून पॉलिश केला आणि पोराने अर्धा मिनिट खळखळून दोन-तीन चुळा थुंकल्या की बराचसा ऐवज मोरीत जातो. पोर चूळ गिळणार नाही एवढं बघा. याला पैसे लागत नाहीत, पण घाईच्या दवाखान्यात हेच राहून जातं.

मला जास्त काळजी वाटते ती या घाईची. दाढ कशी भरतात ते डोळ्यांपुढे आणा, म्हणजे बाबांची का पडली तेही समजेल. किडकं कोरून काढल्यावर दाढेच्या दोन्ही बाजूंना कापूस लावतात, लाळ खेचायची नळी लावतात. मग साधारण ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडचा जेल, बहुतेक वेळा निळा असतो, तो पंधरा-वीस सेकंद ठेवून धुतात. वाळवल्यावर दाताचं कवच खडूसारखं पांढरं दिसायला लागतं. त्यात सूक्ष्म खळगे पडलेले असतात, आणि त्यांतच सिमेंटाची पकड बसते. ही युक्ती मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली दाखवली. त्यानंतर बाँड नावाचं पातळ औषध लावायचं, मग सिमेंट, तेही एकदम गोळा कोंबून नाही. नेहमीचं सिमेंट असेल तर दोन मिलिमीटरचा एक थर, त्यावर वीस सेकंद लाईट. परत थर, परत लाईट. खोल खड्ड्यासाठी चार मिलिमीटरचा थर चालणारी सिमेंटं आता मिळतात, पण ती वेगळी असतात. लाईटचं टोक दाढेला जवळजवळ टेकलेलं हवं. दूर धरलं, वाकडं धरलं, टोकाला जुन्या सिमेंटाचा कण चिकटलेला असला, तर वर कडक आणि आत ओलं राहतं. ते ओलं म्हणजेच न विणलेली रुई. निरोपातली भीती जिथे थोडीफार खरी होऊ शकते ती जागा हीच, आणि दाढ पुन्हा किडायला सुरुवातही इथूनच होते. एकदा लाळेचा एक थेंब बाँडवर आला की पकड गेली. कड उघडते, तिच्यातून भाजीचं पाणी आत जातं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एका जिल्हा परिषद शाळेत माझं शिबिर होतं. वर्गात लाईट नव्हती, म्हणून खुर्ची व्हरांड्यात मांडली. उजेड चांगला आहे म्हणून मी खूश होते. ट्यूबमधून सिमेंट काढून पाटीवर ठेवलं, एका पोराची दाढ वाळवली, आणि वळून सिमेंट उचललं तर त्याला कडेने पापडी धरलेली. दिवसाच्या उजेडातही हा माल हळूहळू कडक होतो, आणि मी तो उन्हाच्या तोंडाशी ठेवला होता. बाँडची बाटली सकाळपासून जीपमधल्या डब्यात तापत होती. त्यातलं द्रव उडून औषध दाट झालं होतं, ब्रशला तार सुटत होती. बाहेर चव्वेचाळीसचं ऊन आणि ओळीत बसलेली चाळीस पोरं. मी थांबले नाही. पुढच्या वर्षी त्याच शाळेत गेले तेव्हा एका मुलीने तोंड उघडलं, आणि मी भरलेल्या दाढेच्या कडेने माझ्या हातातली सुई सहज आत गेली. खाली सगळं मऊ होतं. तिची ती दाढ काढावी लागली. तिचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून उन्हाळ्यात बाँड आणि सिमेंट मी फ्रिजमध्ये ठेवते, वापरण्याआधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवते, कारण गार सिमेंट नीट जोड धरत नाही. आणि लाईटपासून आडोसा करून बसते. बऱ्याच डब्यांवर २५ अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. आपल्या मे महिन्यात ते वाचायलाच हवं.

बाबांची दाढ सहा महिन्यांत का पडली, याला मला तुमच्या पत्रात तीन कारणं दिसतात. सुपारीचा कडक तुकडा रोज त्याच दाढेखाली फुटतो, तेव्हा सिमेंटाची कड तिथूनच उडते. दुसरं फ्लोराइड. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत कित्येक गावांच्या जमिनीखालच्या पाण्यात ते जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालतं, असं आपलं मानक सांगतं. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी लहानपणी प्यायलेल्या माणसाच्या दाताचं कवच ॲसिडला सहजी खळगे पडू देत नाही, आणि पकड कच्ची राहते. डॉक्टरांनी डाग पाहून ॲसिड थोडं जास्त वेळ ठेवलं, किंवा वरचा थर हलका घासून घेतला तर फरक पडतो. म्हणून खुर्चीत बसतानाच सांगायचं: डॉक्टरसाहेब, आमच्या गावचं पाणी फ्लोराइडचं आहे. डागाचं कारण तुम्ही सांगितलं की त्यांनाही पुढचं सोपं जातं.

तिसरं कारण मला जास्त लागून राहिलं. खर्रा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं. गालाच्या आतली कातडी चिवट होते, तिखट सोसत नाही. अशा तोंडात मागच्या दाढेवर लाईट सरळ धरताच येत नाही, आणि सिमेंट आत ओलं राहतं. घरी उजेडात बघा: बाबांच्या तोंडात त्यांची स्वतःची तीन बोटं उभी जातात का. दोनच जात असतील तर दाढेचा विषय बाजूला ठेवा आणि त्यांना आधी तोंडाच्या तपासणीला न्या, कारण या दुखण्यातूनच पुढे कॅन्सर होऊ शकतो. त्यांना रागावून नेऊ नका. दाढ परत भरायला चला म्हणा, ते येतील.

सासूबाईंच्या चांदीबद्दल. त्यांच्या काळात चांदी वीस-वीस वर्षं टिकायची, म्हणून त्या म्हणतात त्यात अनुभव आहे. त्याच ५३४ मुलांत पांढऱ्या सिमेंटाची डागडुजी चांदीपेक्षा कितीतरी जास्त वेळा करावी लागली होती. पण त्या चांदीत जवळजवळ निम्मा पारा असतो. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीचा मिनामाता करार २०१७ पासून लागू आहे, भारतही २०१८ मध्ये त्यात सामील झाला. २०२२ मध्ये करारातल्या देशांनी ठरवलं की पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांच्या दातांत, डॉक्टरला अगदी गरजेची वाटल्याशिवाय, चांदी भरायची नाही. सासूबाईंच्या स्वतःच्या तोंडात जुनी चांदी असेल आणि ती घट्ट असेल, तर तीही उकरू नका. उकरताना पाऱ्याची वाफ जास्त निघते.

आता पोरीच्या दोन दाढा. तुम्ही लिहिलं नाही की त्या दुधाच्या आहेत की कायमच्या, आणि सगळं त्यावरच ठरतं. सहाव्या वर्षाच्या आसपास, सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागे, एक मोठी दाढ गुपचूप उगवते. ती कुठल्याच दाताच्या जागी येत नाही, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. "पडेलच की" म्हणत कित्येक आया ती सोडून देतात. ती पडत नाही, जन्मभराची असते. तिच्यात भरलेलं सिमेंट चांगलंच हवं, कारण त्याला वर्षानुवर्षं टिकायचं आहे. पुढची दुधाची दाढ असेल तर ती दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान पडेल, म्हणजे सिमेंटाला दोन-तीन वर्षंच ओढायची आहेत. तिथे पुन्हा भरायची वेळ आली तर ग्लास आयोनोमरबद्दल विचारा. पावडर आणि तिच्यासोबतचं द्रव मिसळून ते तयार होतं, दाताला स्वतःहून चिकटतं, थोडं थोडं फ्लोराइड सोडतं. नेहमीच्या प्रकारात बिस-जीएमए नसतं आणि लाईटही लागत नाही. चावण्याच्या जोराला ते कमी टिकतं हे खरं, पण खुर्चीत न बसणाऱ्या पोरासाठी आणि दिवसातून चार वेळा वीज जाणाऱ्या गावासाठी मला ते फार आवडतं.

काळी रेघ बघून घाबरू नका. कडेला हळद, चहा, मंजन यांचा डाग बसून नुसती रेघही दिसते. किड असेल तर रेघेखालची जागा मऊ लागते, गोड किंवा गार लागल्यावर कळ येते, दातांत धागा ओढला तर त्या कडेला अडकून चिरतो, किंवा जेवल्यावर रोज त्याच फटीत अन्न अडकतं. यातलं एकही नसेल तर घाई नाही, उन्हाळ्याच्या सुट्टीत दाखवलं तरी चालेल. एकही असेल तर याच महिन्यात दाखवा. डॉक्टर सुईने कड चाचपून बघतील, शंका वाटली तर छोटा एक्स-रे काढतील. पुष्कळदा पूर्ण सिमेंट काढावंच लागत नाही, तेवढी कड कोरून नवा माल लावता येतो. तसं विचारा. न विचारता सगळं उकरायला निघाले तर थांबवायचा हक्क तुमचा आहे.

दवाखान्यात विचारायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. पण साधं विचारलं तर कुणी रागावत नाही: "थर किती केले, दर थराला लाईट किती वेळ दिला? वरून पॉलिश केलं का?" चांगला डॉक्टर हे प्रश्न ऐकून खूश होतो, मी तर होतेच. तालुक्यात समाधान झालं नाही तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळ सावंगीलाही दंत महाविद्यालय आहे. एका दिवसाची मजुरी बुडते, म्हणून आधी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक कधी येणार ते गुरुजींना विचारून घ्या. ते पोरीचं तोंड बघतील आणि गरज असेल तर वरच्या दवाखान्याची चिठ्ठी देतील. जाल तेव्हा तो मोबाईलवरचा निरोपही सोबत न्या, आणि डॉक्टरांसमोर एकदा मोठ्याने वाचा.